शेवटची गाठ तेवढी बाकी

५ जानेवारी
काल प्रदर्शन संपलं. दणक्यात झालं. आज एक तारीखच धरायची, कारण वर्षाचे पहिले दिवस माळांच्या गडबडीत गेले आणि संकल्प करायचे राहिले.

संकल्प. रोज एक माळ. रोज दोन ओळी रोजनिशी. जेवणाच्या टेबलावर फक्त जेवण. हा शेवटचा पुढच्या आठवड्यापासून, सध्या टेबलावर जागा नाही.

मुख्य बातमी अशी, की मोठी ऑर्डर मिळाली. एका महिला गायनवृंदाच्या प्रमुख बाई स्टॉलवर आल्या, निळी माळ गळ्याशी धरून बघितली आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, फेब्रुवारीत आमचा कार्यक्रम आहे, वृंदातल्या सगळ्याजणींना अशाच हव्यात. मग विचारलं, करतं कोण हे सगळं. मी म्हटलं, मीच. धाकटी जाऊ शेजारी मान खाली घालून एका माळेला हूक बसवत होती. तिला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ही आमची धाकटी, मदतीला असते मला. श्रेय वाटताना माणसाने हात आखडू नये.

त्यानंतर धाकटी पाणी आणायला गेली ती सामान आवरायलाच उगवली. डोकं दुखत असेल. हॉलमध्ये हवाच नव्हती.

७ जानेवारी
धाकटी आली नाही. कालही नाही. एरवी दुपारची भांडी झाली की वरच्या मजल्यावरून तिच्या चपला वाजतात आणि तिच्या आधी तिचं बोलणं खाली येतं.

माझं काही अडलेलं नाही. आमच्या कामाची वाटणी साधी आहे. रंग मी निवडते, मणी मी ओवते. टोकांना गाठी मारून हूक बसवायचं, उरलेला दोरा सुईने दोन-तीन मण्यांतून मागे घालून कापायचा, एवढं ती करते. म्हणजे कला माझी, फिनिशिंग तिचं. फिनिशिंग काय, कुणीही करेल.

हे म्हणाले, वर जाऊन बघून ये. मी म्हटलं, मी मोठी जाऊ आहे. येईल तीच.

९ जानेवारी
जिन्यात भेटली. हातात भाजीची पिशवी. मी विचारलं, बरं नाही का गं. ती म्हणाली, “बरी आहे. तुम्ही कशा आहात?”

तुम्ही.

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मी तिला सांगितलं होतं, मला अहो-जाहो करू नकोस, मी काही तुझी सासू नाही. तेव्हापासून ‘ताई, तू’. ताई, तू ना रंगांच्या बाबतीत आंधळी आहेस. ताई, तू सरक, मला उजेड दे. आणि आज ‘तुम्ही’.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. मोठी ऑर्डर मिळाली की माणसाकडे बघायची नजर बदलते. उशिरा का होईना, मान द्यायला शिकली. ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर केला.

१२ जानेवारी
सात माळा ओवून तयार. फक्त शेवट बाकी. दोन्ही टोकांना कपड्यांचे चिमटे लावून वाळत घालायच्या स्टँडवर टांगल्या आहेत. फार सुंदर दिसतात. ह्यांचा बनियन ओला आहे, तो खुर्चीवर टाकला.

म्हणतात, जावा-जावा उभा दावा. आमच्यात तसलं काही नाही. ती कामात असणार एवढंच.

१४ जानेवारी
आज गाठ मारली.

सुटली.

परत मारली. या वेळी घट्ट बसली, पण मण्यांपासून बोटभर लांब. माळेला शेपूट आल्यासारखं दिसतं. सोडवायला गेले तर सुटेना. जी हवी ती सुटते, जी नको ती सुटत नाही. गाठींचाही स्वभाव असतो.

दोष दोऱ्याचा आहे. रेशमी म्हणून दिला, पण बुळबुळीत आहे. शिवाय या खिडकीचा उजेड चुकीच्या बाजूने येतो. धाकटी नेमकी त्याच खिडकीशी बसायची, पण तिला सवय आहे.

मनाशी खूणगाठ बांधली, उद्या जमवायचंच. हे म्हणाले, ती तरी सुटणार नाही ना बघ.

१७ जानेवारी
फोनवर व्हिडिओ बघितला. एक परदेशी बाई हसत हसत गाठ मारते. दोन बोटं आत, दोरा वर, सुईचं टोक गाठीत, आणि सुईनेच गाठ सरकवत थेट मण्याला भिडवते. चार वेळा बघितलं. पाचव्या वेळी लक्षात आलं की बाई डावखुरी आहे. मग आरशासमोर बसून केलं. आता आरशातली मी डावखुरी झाले. एकूण प्रगती आहे.

ह्यांच्या चपलेत मणी निघाला. त्यांनी तो टेबलावर माझ्यासमोर आणून ठेवला, पुराव्यासारखा.

२० जानेवारी
भाऊजींची बदली झाली. फेब्रुवारीच्या शेवटी दोघं जाणार. दिवसभराच्या प्रवासाचं गाव आहे.

मला ह्यांच्याकडून कळलं. ह्यांना आठवडाभर माहीत होतं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं. हे म्हणाले, मला वाटलं तुला तिने सांगितलं असेल. भाऊ म्हणाला, ती तुला प्रदर्शनाच्या संध्याकाळीच सांगणार होती, आधी तुलाच सांगायचं म्हणून त्यालाही गप्प बसवलं होतं.

मग का नाही सांगितलं तिने, मी विचारलं. हे म्हणाले, मला काय माहीत, मी तिथे नव्हतो.

बदल्या काय, रद्दही होतात. ह्यांच्याच ऑफिसात एकाची झाली होती. बॅगा भरल्यावर.

२३ जानेवारी
आज वर जायचं ठरवलं होतं. गेले नाही, कारण:
तिची कपडे धुवायची वेळ होती.
नंतर तिची झोपायची वेळ होती.
नंतर भाऊजी आले.

वरून काहीतरी ओढल्याचा आवाज येतो. कपाट असावं. बदली रद्द होणार तर आत्तापासून कपाटं कशाला हलवायची, पण तिला सगळ्याची घाई.

सतरा माळा. स्टँड भरला. उरलेल्या पडद्याच्या दांडीला.

२६ जानेवारी
गायनवृंदाच्या बाईंचा फोन. कुठवर आलं? मी म्हटलं, जवळजवळ झाल्यातच जमा, फक्त फिनिशिंग. त्या म्हणाल्या, तुमच्या त्या दुसऱ्या बाई फार सुबक करतात हं, मी बघत होते त्या दिवशी. मी म्हटलं, हो, आमच्याकडे सगळंच सुबक असतं.

हे म्हणाले, तिला एकदा विचारून बघ, नाही म्हणायची नाही. मी म्हटलं, तिचं घर हलतंय, कुठे त्रास द्यायचा. मनाचा मोठेपणा कुणाला दिसत नाही.

दुसऱ्या बाजूने विचार केला तर ती तरी खाली येऊन विचारू शकली असती, ताई, काही अडलंय का. पूर्वी न विचारता विचारायची. हातातून सुई काढून घ्यायची.

२९ जानेवारी
शोध लागला. गोंद!

तो झटकन चिकटणारा, छोट्या ट्यूबमधला. साधी दुहेरी गाठ मारायची, एक थेंब टाकायचा, तीस मोजायचे. खलास. डोंगर हलेल, पण गाठ हलणार नाही. इतकी वर्षं आम्ही उगाच दोरे मागे ओवत बसलो. धाकटी नेहमी म्हणायची, गोंद नको ताई, दोरा मरतो. दोरा काय जिवंत असतो? ही तिची बोलायची पद्धत.

दोन बोटं एकमेकांना चिकटली. गरम पाण्याने सुटली. उत्साह कायम.

२ फेब्रुवारी
सगळ्या माळा पूर्ण. एका दुपारीत. जे काम धाकटी दोन आठवडे करत बसली असती ते मी एका दुपारीत केलं. कुणाला सांगावं असं वाटत होतं. जिन्यापर्यंत गेले. वर कुणीतरी आलं होतं, आवाज येत होते. परत आले.

ह्यांना एक माळ दाखवली. ह्यांनी हुकाजवळ धरून उचलली. टोक तारेसारखं ताठ उभं राहिलं. हे म्हणाले, ही उभी का राहते. मी म्हटलं, मजबुती.

५ फेब्रुवारी
माळा पोचत्या केल्या. डबे स्वतः सजवले. बाई खूश. मला कार्यक्रमाची दोन तिकिटं दिली. एक माझं, एक त्यांचं, म्हणाल्या. त्या दुसऱ्या बाईंचं. मी घेतलं. ह्यांच्याकरवी वर पाठवलं. वरून ‘थँक यू’ आलं. ह्यांच्याचकरवी.

११ फेब्रुवारी
कार्यक्रम काल झाला. काल लिहायला जमलं नाही.

हॉल भरलेला. पडदा उघडला. पांढऱ्या साड्या, निळ्या माळा, वर दिवे. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या शेजारची अनोळखी बाई म्हणाली, काय सुरेख दिसतायत. मी म्हटलं, मी केल्यात. हे क्षण कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

दुसरं गाणं संथ होतं. अगदी हळू, जेमतेम ऐकू येणारं. त्यात टप् असा आवाज आला. मग टप् टप्. तबला वाजवणारा मागे वळून बघायला लागला, ठेका कोण चुकवतंय म्हणून. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंची माळ सगळीच सुटली. मणी पायऱ्यापायऱ्यांवरून उड्या मारत खाली आले. त्यांनी गाणं सोडलं नाही, हे मात्र कौतुकाचं. नंतर वरच्या रांगेतली एक. मग एकदम तिघी. श्वास घेताना छाती भरते, मान वर होते, तिथेच दोरा तुटत होता. बरोबर गोंद संपतो त्या जागी.

बाकीच्या मग हात गळ्यावर धरून गायल्या. लांबून एखाद्याला भाव वाटला असेल.

टाळ्या खूप झाल्या.

दिवे लागले तेव्हा बघितलं तर धाकटी मधल्या वाटेत गुडघ्यांवर बसली होती. लोकांच्या पायांतून हात घालून मणी वेचत होती. मला वाटलं आपणही वाकावं, पण माझ्या रांगेतून बाहेर पडायला जागा नव्हती. ती उठली, साडीचे गुडघे झटकले, माझ्यापाशी आली आणि रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात दिली.

“हे तुमचे,” म्हणाली.

‘आपले’ म्हणायची. कालपर्यंत. म्हणजे जानेवारीपर्यंत.

१२ फेब्रुवारी
हॉलमधली हवा फार थंड ठेवली होती. थंडीत दोरा आखडतो. बाईंना फोन करून समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, झालं ते झालं. सभ्य बाई. पुढच्या वर्षी आम्ही माळा ठेवणार नाही, म्हणाल्या. नुसत्या साड्याच बऱ्या दिसतात.

१३ फेब्रुवारी
काही नाही.

१५ फेब्रुवारी
उद्या वर जायचं. पक्कं. काय बोलायचं तेही ठरलं आहे. ह्यांच्यासमोर म्हणून बघितलं. अगं, तुझ्याशिवाय मला जमत नाही. बस, एवढंच. पाच शब्द. हे म्हणाले, छान आहे, असंच म्हण, पुढे काही जोडू नकोस.

मी म्हटलं, मी कधी काही जोडते?

१६ फेब्रुवारी
गेले.

दार उघडंच होतं. खोल्यांत खोकी. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. धाकटी जमिनीवर बसून कप कागदात गुंडाळत होती. मला बघून उठली. खुर्चीवरचं खोकं उतरवून म्हणाली, बसा. चहा केला. दोन कप परत कागदातून सोडवले त्यासाठी.

मी म्हटलं, आवरलंस की सगळं. ती म्हणाली, हो, होत आलं. मी म्हटलं, तिकडे पाण्याचा त्रास आहे म्हणतात. ती म्हणाली, बघू. चहात आलं होतं. मला आवडतं तसं, जास्त. तिला सोसत नाही, ती कधीच घालत नाही.

आता बोलायचं, असं मी ठरवलं. कप खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. हातातला कागद तसाच.

“अगं,” मी म्हटलं, “ती छोटी पक्कड. ती माझी होती बहुतेक.”

कुठून आलं कुणास ठाऊक.

तिने कागद खाली ठेवला. मग आतल्या खोलीत गेली. खोकी उघडल्याचा आवाज. बराच वेळ लागला तिला. पक्कड आणली. बरोबर दोऱ्याला लावायची मेणाची वडी, बारीक सुया, कात्री, हुकांची डबी. सगळं एका कागदावर मांडलं.

“बघून घ्या. सगळं आहे का?”

कात्री तिची होती. मेणही तिचंच. मी म्हटलं, आहे.

ती उभीच राहिली. “अजून काही?”

मी म्हटलं, “नाही. एवढंच.”

कागदाची घडी करून तिने ते माझ्या हातात दिलं. जिन्यात माझ्या लक्षात आलं की चहा अर्धाच प्यायले.

हे दारातच उभे होते. म्हणाले, बोललीस? मी कागद दाखवला. मग ते बूट घालून फिरायला गेले. त्यांची फिरायला जायची ही वेळ नाही.

१९ फेब्रुवारी
एका अर्थी बरंच झालं. आता सगळी हत्यारं माझ्याकडे आहेत. जिनसा वाटून घेतल्या की संबंध मोकळे राहतात.

मेणाच्या वडीवर तिच्या दोऱ्याच्या रेघा आहेत, एकाच जागी, खोल गेलेल्या. माझा दोरा त्याच रेघेत जातो.

२२ फेब्रुवारी
अजून वेळ आहे. घाईत बोललेलं मनापासून वाटत नाही. सव्वीसला सकाळी ती एकटी असेल.

२६ फेब्रुवारी
सकाळी ती एकटी नव्हती. पंखे काढायला माणूस आला होता. पंखेवाल्यासमोर काय बोलणार.

२७ फेब्रुवारी
गेली.

ट्रक सकाळीच आला. मी डबा करून दिला. दोघांना पुरेल असा, वर थोडं जास्त. भाऊजी ह्यांना मिठी मारून रडले. पुरुष फार पटकन रडतात. धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, “जाते मी.”

मी म्हटलं, “असं म्हणू नये. येते म्हणावं.”

ती म्हणाली, “हो. येते.”

आणि गाडीत बसली.

म्हणजे येणार. स्वतःच्या तोंडाने म्हणाली. हे म्हणाले, अगं, सगळेच तसं म्हणतात. मी म्हटलं, सगळे म्हणतात, पण ती आधी वेगळं म्हणाली होती आणि मग बदललं, म्हणजे विचार करून म्हणाली.

३ मार्च
तिच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ठेवली आहे. आली की लगेच बसता यावं म्हणून तिथे माळा टांगत नाही. तशाही नवीन माळा नाहीत.

नवीन योजना: ती आली की रंगही तिने निवडायचे. मी सांगणारच आहे तिला. प्रत्यक्ष.

८ मार्च
मेसेज करायला बसले. ‘पोहोचलीस का’ लिहिलं. इतक्या दिवसांनी काय विचारायचं म्हणून खोडलं. ‘लागलं का घर’ लिहिलं. ते बरं वाटलं, त्यात मी-तू काहीच येत नाही. पाठवलं.

उत्तर संध्याकाळी आलं. हो, लागलं. तुम्ही दोघं तब्येतीला जपा.

‘तुम्ही दोघं’ हे अनेकवचन आहे. त्यात ‘तुम्ही’च लागणार. त्यावरून काही ठरत नाही.

१४ मार्च
वरती नवीन कुटुंब. चपला वाजतात. दर वेळी बघायचं नाही असं ठरवलं आहे.

खुर्चीवर हे बसले होते. मी उठवलं नाही.

२१ मार्च
दुपारी फोन. एक बाई. गेल्या की त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडून मोत्यांची माळ घेतली होती, कार्डावर माझा नंबर होता. ऑर्डर असणार म्हणून वही-पेन घेऊन बसले. त्या म्हणाल्या, माळ अजून छान आहे हो, पण तुमच्यातल्या त्या गाठी मारणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की दोरा सैल वाटला की माझ्याकडे आणा, नवा घालून देते. त्या आहेत का?

मी म्हटलं, त्या आता इथे नसतात.

मग त्यांचा नंबर असेल तर द्या ना, त्या म्हणाल्या. कुरिअरने पाठवीन. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही द्यायची मला.

मी म्हणू शकले असते की मी करून देते. हत्यारं सगळी समोरच होती.

नंबर दिला. वही बघावी लागली नाही. सावकाश सांगितला, परत म्हणून घेतला, शेवटचे दोन आकडे त्यांनी उलटे लिहिले होते ते दुरुस्त केले. म्हटलं, दुपारी करा, भांडी झाल्यावर, तेव्हा ती मोकळी असते. गोंद लावू नका म्हणेल, ऐका तिचं.

त्या म्हणाल्या, बरं झालं बाई तुम्ही भेटलात. मग त्यांच्या घरात कुणीतरी बेल वाजवली, त्या कुणाला तरी दार उघडायला सांगत होत्या, आणि त्यातच मला म्हणाल्या, आपण कोण बोलत होतात? म्हणजे त्यांना सांगायला, कुणी नंबर दिला ते.

पटकन सांगता येईना. मालकीण म्हणावं तर आता कशाची. ताई म्हणावं तर ते तिने म्हणायचं. पलीकडे दार उघडलं, कुणी आत आलं, बोलणं चालू झालं. माझी वेळ निघून चालली होती.

“मी जाऊ,” मी म्हटलं.

“हो हो, जा ना तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मीच उगाच अडकवून ठेवलं.”

आणि फोन ठेवला.